सुतारकट्टा : वाड्याच्या सागवानाची मॉरिस खुर्ची

प्रश्न : दादा, पंचवटीतला आमचा जुना वाडा उतरवला, सागवानाच्या तुळया आणि चौकटी ठेवून घेतल्यात. आर्ट्स अँड क्राफ्ट्स स्टाइलची (साधी, हातकामाची जुनी इंग्लिश-अमेरिकन स्टाइल) मॉरिस खुर्ची, म्हणजे पाठ मागे कलती करता येणारी हातांची खुर्ची करायचीय, पण ती ओकची असते ना? आणि मिस्त्री म्हणतात स्क्रू मारून जोडू, वरून लाकडी खुंट्यांच्या टोप्या चिकटवू, दिसायला सेमच. चालेल का?
— एक वाचक भगिनी, पंचवटी

उत्तर : ताई, सागवान बिनधास्त वापरा. ओक इंग्लंड-अमेरिकेत हाताशी होता म्हणून तिथल्या कारागिरांनी तो घेतला, आपल्याकडे पेठ-सुरगाण्याचं सागवान, आणि तुमच्याकडे तर वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड घरातच आहे.

टोप्यांना मात्र माझा साफ नकार. ही स्टाइल उभीच राहिली ती असल्या चिकटवलेल्या नक्षीचा कंटाळा आल्यामुळे. इंग्लंडात विल्यम मॉरिसने १८६१ मध्ये कंपनी काढली, खुर्चीला नाव त्याच कंपनीवरून पडलं, पुढे अमेरिकेत गुस्ताव स्टिकलीने 'द क्राफ्ट्समन' नावाचं मासिक १९०१ ते १९१६ चालवलं आणि त्यात फर्निचरची मापासकट ड्रॉइंग छापली, लोकांनी घरी करावं म्हणून. त्याच्या फर्निचरवर कोरीवकाम जवळजवळ नाहीच, जोड हाच दागिना. तोच खोटा केला तर उरतं काय?

मिस्त्रींना सांगा, पायाला आरपार खाच पाडा, आडव्या पट्टीचं टोक त्यातून पाव इंच बाहेर येऊ द्या, कडा रंध्याने मारा. टोकाची जाडी पट्टीच्या एक तृतीयांश धरा. मग बाजूने भोक पाडून शिसवाची खरी खुंटी ठोका. वेळ लागतो, मजुरी वाढते, पण वाड्याच्या तुळया जोडणाऱ्यांनी हेच केलं होतं, तुमच्या चौकटींचे सांधे उघडून बघा, तुम्हालाच दिसेल.

वखारीत कापायला नेण्याआधी तुळईवर लोहचुंबक फिरवा, आत तुटलेला खिळा असला तर ब्लेड जाईल आणि माणसालाही लागेल. भुंग्याची भोकंही बघून घ्या. फळीच्या टोकाकडून बघितलं की गाभ्याच्या वर्तुळांच्या रेघा उभ्या दिसतात अशा फळ्या खुर्चीच्या हातांसाठी बाजूला ठेवा, त्या रुंदीत साधारण निम्म्यानेच फुगतात-आकसतात. आणि सागवान तेलकट असतं, म्हणून फेविकॉल लावायच्या अगदी आधी सांध्यावर थिनरचा बोळा फिरवा.

प्रश्न : जुन्या ओकसारखा गडद रंग येण्यासाठी अमोनियाची वाफ देतात असं वाचलं. सागवानाला देऊ का?
— इंदिरानगर

उत्तर : नको. ओकमध्ये टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) भरपूर, अमोनिया लागला की ते काळपट होतं, सागवानात तेवढं टॅनिन नाही, त्यामुळे तो रंग येणार नाही आणि स्ट्राँग अमोनियाने डोळे-फुप्फुसं धोक्यात. ओकचे चमकणारे चट्टेच हवे असतील तर सिल्व्हर ओक बघा, नावापुरताच ओक, मूळचं ऑस्ट्रेलियाचं झाड, पण उभ्या रेघांच्या फळीत चट्टे फार देखणे उठतात. लाकूड सागवानापेक्षा मऊ आहे, त्यामुळे टेबलापेक्षा कपाटाच्या दाराला बरं.

प्रश्न : जेवणाच्या टेबलाची फळी पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात तडकते. काय करू?
— गंगापूर रोड

उत्तर : फळी खालच्या फ्रेमला स्क्रूने जाम केलीय बहुतेक. फ्रेममधली भोकं फळीच्या लांबीत धावणाऱ्या रेघांना आडवी, लांबट करा, स्क्रूला सरकायला जागा मिळेल. वरखाली दोन्ही बाजूंनी सारखंच तेल किंवा पॉलिश द्या, लोक खालची बाजू कोरी सोडतात आणि फळी वाकते. जवसाचं तेल लावणार असाल तर चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते, बाहेर उघड्यावर पसरून वाळवा आणि मगच टाका.