बोनस डिस्क पहिल्यांदाच लावताय?

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या पहिल्या सिनेमाच्या, ‘फेलोशिप ऑफ द रिंग’च्या, २००२ च्या विस्तारित डीव्हीडीपासून सुरुवात करताय, फार छान! चारपैकी दोन डिस्क निव्वळ पडद्यामागच्या आहेत. पण आधी सिनेमा पूर्ण बघा. नवखी मंडळी थेट कॉमेंट्री (सिनेमा चालू असताना त्यावर चाललेल्या गप्पांचा आवाज) लावतात आणि गोष्टीची मजाच घालवून बसतात.

मग एवढंच करा:

- चिलखतं आणि मिनिएचरचे (छोट्या प्रतिकृतींचे) भाग आधी बघा. प्लास्टिकच्या नळीच्या चकत्या कापून, एकेक कडी हातानं ओवून साखळी-चिलखतं केलीयत! त्यानंतर सुरुवातीची लढाई वेगळीच दिसते.
- चार कॉमेंट्रींपैकी कलाकारांची आधी ऐका. ती सगळ्यात मोकळी आहे.
- एका बैठकीत सगळं उरकू नका.

फोटो गॅलरी खुशाल सोडा. स्टोरीबोर्डचं (प्रसंगांच्या आधी काढलेल्या चित्रांचं) नंतर बोलू.