इलेक्ट्रिक गाड्यांचं लीज : सुरुवात परत आलेल्या गाडीपासून करा

तुमची अडचण मला समजली ती अशी. छोटी लीज कंपनी, साडेतीनशेच्या आसपास गाड्या, त्यांत २२ इलेक्ट्रिक. त्यातल्या ८ गाड्यांची लीजची तीन वर्षं संपत आलीत. नव्या इलेक्ट्रिक गाडीचा हप्ता ऐकून गिऱ्हाईक पेट्रोलकडे वळतं, आणि परत आलेली जुनी इलेक्ट्रिक गाडी लीजवर घ्यायला कुणी धजत नाही. म्हणून नव्या गाड्यांवर सूट जाहीर करावी का, असं तुम्ही विचारताय.

सूट देऊ नका. निदान आधी नको. तेच पैसे परत येणाऱ्या ८ गाड्यांवर घाला. मी बारा वर्षं लीजच्या धंद्यात परतीच्या किमती, म्हणजे लीज संपून परत आलेली गाडी केवढ्याला जाईल ते, ठरवायचं काम केलंय, त्यातली बरीच वर्षं चुकीच्या ठरवल्या. त्या चुकांच्या जोरावर लिहितोय.

आधी हिशोब. इलेक्ट्रिक गाडीची किंमत १०० धरा. ३६ महिन्यांनी ती ४० ला जाईल असं तुम्ही पहिल्याच दिवशी कागदावर मांडता. मधली ६० ची घट गिऱ्हाईक हप्त्यांतून फेडतं, म्हणजे महिन्याला साधारण १.६७, वर व्याज. शेजारची पेट्रोल गाडी ८० ची, तिचीही परतीची किंमत तुम्ही ४० च धरलीय. तिथे फेडायचे ४०, महिन्याला १.११. म्हणजे १०० ची गाडी आणि ८० ची गाडी तीन वर्षांनी एकाच भावात जाणार असं आपणच ठरवायचं, आणि मग हप्ता दीडपट झाला म्हणून कपाळाला हात लावायचा! तीच इलेक्ट्रिक गाडी ५० ला जाईल असा भरवसा असेल, तर हप्ता १.३९ वर येतो. दमडीचीही सूट न देता.

तो भरवसा कुठून आणायचा? जुन्या गाडीला गिऱ्हाईक असलं तरच. नव्या गाडीचा हप्ता शेवटी परतीच्या यार्डात ठरतो.

आता सूट दिली तर काय होतं ते बघा. नवी गाडी १०० वरून ९० ला आली की दुसऱ्याच दिवशी दोन वर्षं जुन्या गाडीकडे बघणारा माणूस मनात तेवढे वजा करतो. म्हणजे आज रस्त्यावर असलेल्या तुमच्या २२ गाड्यांची परतीची किंमत तुम्हीच खाली ओढता. उत्पादकाने किंमत उतरवली तरी हेच होतं. गाड्या भाड्याने देणाऱ्या अमेरिकेतल्या हर्ट्झ कंपनीने २०२१ मध्ये १ लाख टेस्ला घेण्याचं जाहीर केलं. २०२३ मध्ये टेस्लाने नव्या गाड्यांचे भाव पुन्हा पुन्हा उतरवले. जानेवारी २०२४ मध्ये हर्ट्झने सुमारे २० हजार इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या आणि २४.५ कोटी डॉलरचा घसारा हिशोबात घेतला. अपघातानंतरच्या दुरुस्तीचा खर्चही त्यांना भारी पडत होता हे खरं, पण भावाचा मार मोठा होता. त्यांचा धंदा रोजच्या भाड्याचा, आपला लीजचा, पण मार बसतो तो एकाच जागी.

सरकारंही बरेचदा पैसा नव्या गाडीवरच घालतात. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने लीजवर जाणाऱ्या नव्या इलेक्ट्रिक गाडीमागे लीज कंपनीला ७,५०० डॉलरपर्यंत करसवलत मिळायची, आणि खरेदीवर असलेल्या कितीतरी अटी तिथे लागू नव्हत्या. जुनी गाडी विकत घेणाऱ्याला ४,००० डॉलरपर्यंत मिळायचे. पण जुनी गाडी लीजवर घेतली तर काहीच नाही. ३० सप्टेंबर २०२५ नंतर हे सगळंच बंद झालं. फ्रान्सने जानेवारी २०२४ मध्ये कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी महिना साधारण १०० युरोत इलेक्ट्रिक गाडी लीजवर द्यायला सुरुवात केली, एका गाडीमागे सरकारी मदत १३,००० युरोपर्यंत. दीड महिन्यात योजना थांबवावी लागली, कारण अपेक्षेच्या दुपटीच्या आसपास, म्हणजे सुमारे ५० हजार मागण्या आल्या. हप्ता परवडला की लोक इलेक्ट्रिकला नाक मुरडत नाहीत हे त्यातून दिसलं, पण त्याही योजनेतल्या गाड्या नव्याच होत्या. मला पटलेलं उदाहरण नेदरलँड्सचं. त्यांनी जुलै २०२० पासून नव्या गाडीला ४,००० युरो आणि जुनीला २,००० युरो द्यायला सुरुवात केली, आणि दोन्हीकडे खासगी लीजही धरलं. रक्कम पुढे बदलत गेली, २०२४ अखेर योजना संपली. पण जुन्या गाडीला वेगळं खातं उघडून देण्यामागचा विचार करणाऱ्याला यार्डातला प्रश्न कळलेला होता.

तुमच्या हातात सरकार नाही, ८ गाड्या आहेत. तर त्यांचं बघू.

जुनी इलेक्ट्रिक गाडी म्हटलं की माणसाच्या मनात एकच भीती असते, बॅटरी. आमच्याकडे परत आलेली एक गाडी आठ आठवडे यार्डात पडून होती. विक्रीवाले म्हणत, मागणीच नाही. एके दिवशी गिऱ्हाईक यायच्या वेळी मी मुद्दाम तिथे जाऊन उभा राहिलो. पहिल्यांदा गाडी उघडेचना. मोठी बॅटरी ठणठणीत, पण गाडीत जी लहान बारा व्होल्टची असते ती उभ्या-उभ्या उतरली होती. ती चालू करून दिली, तर डिकीत चार्जिंगची केबल नाही. आधीच्या माणसाकडेच राहिलेली, परत घेताना कुणी बघितलंच नव्हतं. शेवटी गाडी सुरू झाली, चार्ज शंभर टक्के, आणि पडद्यावर आकडा २९०. त्या बाईंनी माहितीपत्रकात ४०० वाचलं होतं. त्यांनी तो आकडा बघितला, विक्रीवाल्याकडे बघितलं, थँक्यू म्हणाल्या आणि गेल्या. पुढे बॅटरी तपासली तर क्षमता ९३ टक्के शाबूत. पडद्यावरचा तो आकडा बॅटरीची तब्येत सांगत नाही, आधीच्या चालकाने अलीकडे गाडी कशी हाणली तेवढंच सांगतो. तो रोज हायवेवर, हीटर लावून, सुसाट जाणारा होता. त्याची भरपाई आम्ही आठ आठवडे केली.

म्हणून ८ गाड्या परत येतील तेव्हा पहिलं काम, प्रत्येकीची बॅटरी उत्पादकाच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा बाहेरच्या तपासणीवाल्याकडून मोजून घ्या आणि उरलेल्या क्षमतेचा कागद काचेवर लावा. आकडा ८८ आला तर ८८ लिहा. लपवलेल्या ९३ पेक्षा दाखवलेले ८८ लवकर जातात, हा माझा अनुभव आहे. केबल आहे का बघा, बारा व्होल्टची बॅटरी दर आठवड्याला बघा, टायर बघा. जड गाडी आणि जागच्या जागी मिळणारी ताकद, यामुळे टायर लवकर झिजतात. ब्रेक मात्र बहुधा नव्यासारखे निघतात.

दुसरं, वॉरंटीचं गणित गिऱ्हाईकापुढे मांडा. बॅटरीला साधारणपणे ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं आधी येईल ते, आणि ७० टक्के क्षमतेची हमी असते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या बॅटरी टिकाऊपणाच्या नियमातही ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरला ७० टक्के हीच पातळी आहे. तीन वर्षं चाललेल्या गाडीची पाच शिल्लक. म्हणजे किलोमीटर फार झाले नसतील, तर तिचं दुसरं तीन वर्षांचं लीज अख्खंच्या अख्खं वॉरंटीत बसतं. हे मी कुठल्याच जाहिरातीत वाचलेलं नाही, का ते देव जाणे. आणि युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट, म्हणजे बॅटरीच्या माहितीची ऑनलाइन नोंद, लागणार आहे, त्यामुळे तिथे तरी हा कागद पुढे आपोआप हाताशी येईल.

हप्त्याचंही बघा. ४० ला परत आलेली गाडी आणखी तीन वर्षांनी १५ ला जाईल असं धरलं तरी फेडायचे २५, महिन्याला ०.६९. नव्या पेट्रोल गाडीच्या १.११ शेजारी हा आकडा ठेवून बघा. शिवाय एकच गाडी तुम्हाला दोनदा कमावून देते. पहिल्या लीजनंतर पडेल भावात विकायची घाई नाही, आणि ही घाई नसणं हीच परतीची किंमत वर धरायची खरी ताकद.

बॅटरी वेगळी भाड्याने देऊन गाडी स्वस्त दाखवायची कल्पना कुणीतरी सुचवेलच. जपून. रेनॉ झोई अशीच विकली गेली, आणि जुनी झोई घेणाऱ्याला बॅटरीच्या भाड्याचा करारही गळ्यात घ्यावा लागायचा. जुन्या बाजारात असल्या शेपट्या चालत नाहीत. तसंच लोकांना शेवटी गाडी विकत घ्यायचा पर्याय द्या. जनरल मोटर्सने १९९६ मध्ये ईव्ही१ फक्त लीजवर दिली, विकत कुणालाच नाही, आणि नंतर बहुतेक गाड्या परत घेऊन चिरडल्या. परतीच्या किमतीचा प्रश्न सोडवायची तीही एक पद्धत म्हणा!

किलोमीटरची मर्यादा मात्र नक्की बदला. पेट्रोल गाडीचा करार उचलून इलेक्ट्रिकला चिकटवला की तोच जादा-किलोमीटर दंड तिलाही लागतो. पण इलेक्ट्रिकचा फायदा जास्त फिरणाऱ्यालाच होतो, दर किलोमीटरला विजेचा खर्च कमी म्हणून. ज्याला ही गाडी सगळ्यात परवडावी त्यालाच आपण दंड लावून पळवतो. मर्यादा वाढवा, वॉरंटीच्या किलोमीटरशी ताळमेळ ठेवा, आणि हप्ता दाखवताना शेजारी पेट्रोलचा महिन्याचा खर्च लिहा. विमाही हप्त्यातच धरा; इलेक्ट्रिकचा विमा बरेचदा जास्त येतो आणि तो मागाहून कळला की माणूस फसल्यासारखा वागतो. घरी चार्जर बसवायचा खर्चही त्यातच. ज्याच्याकडे रात्री गाडी लावायला प्लगजवळ जागा नाही, त्याला अजून तरी आग्रह करू नका.

पहिल्या दोन-तीन गाड्यांचे बॅटरीचे कागद आले की उरलेली क्षमता, किलोमीटर आणि तुम्ही तेव्हा धरलेली परतीची किंमत एवढं इथेच लिहा. दुसऱ्या लीजचा हप्ता किती ठेवता येईल ते मांडून देतो.