‘ब्रीफ एन्काउंटर’साठी नवं संगीत का केलं नाही? रख्मानिनॉव्हचा जुना कन्चेर्तोच का?

तुम्ही विचारलंय की १९४५च्या या डेव्हिड लीनच्या सिनेमाला स्वतःचं संगीत का नाही, आणि रशियन संगीतकार रख्मानिनॉव्हचा दुसरा पियानो कन्चेर्तो (पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची मोठी रचना) सारखा वाजत राहिल्यानं तो भडक होत नाही का.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मूळ एकांकिका नोएल कॉवर्डची, निर्माताही तोच, आणि त्याला हाच कन्चेर्तो हवा होता. पियानो आयलीन जॉइसचा, साथीला नॅशनल सिम्फनी ऑर्केस्ट्रा, संचालन म्यूर मॅथिसनचं.

भडकपणाचं म्हणाल तर पहिल्या खेपेला मलाही संगीत जरा जास्तच वाटलं होतं. दुसऱ्यांदा बघताना लक्ष रेडिओकडे गेलं. विवाहित नायिका लॉरा दुसऱ्या एका पुरुषाचा कायमचा निरोप घेऊन घरी येते. नवरा फ्रेड शब्दकोडं सोडवत बसलाय, एका शब्दासाठी तिची मदत मागतो, आणि तो शब्द निघतो ‘रोमान्स’. मग ती रेडिओ लावते, त्यावर हा कन्चेर्तो लागतो, आणि समोर बसलेल्या फ्रेडला ती मनातल्या मनात सगळं सांगायला लागते. म्हणजे हे संगीत बाहेरून आणून सिनेमावर चढवलेलं नाही, ते तिच्या दिवाणखान्यात वाजतंय. मध्येच फ्रेड आवाज जरा कमी करायला सांगतो. माणूस चांगला आहे हो, पण जे तिच्या जिवाशी आलंय ते त्याच्या कानांना नुसतं मोठ्यानं लागलेलं गाणं आहे. माझ्या मते अख्ख्या सिनेमातली ही सगळ्यात जीवघेणी जागा.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो तिचा प्रियकर अ‍ॅलेक? त्याच्या कानावर हा कन्चेर्तो एकदाही पडत नाही. दोघांनी मिळून ऐकलेलं संगीत वेगळंच आहे. हॉटेलात चेलो वाजवणारी बाई पुढे थिएटरात ऑर्गन वाजवताना दिसते आणि दोघं खळखळून हसतात. ते हसू दोघांचं. कन्चेर्तो मात्र एकट्या लॉराचा.

आता त्याची सुरुवात नीट ऐका. एकटा पियानो, आठ जड सूर-समूह, दुरून घंटा जवळ येत जावी तसे वाढत जाणारे. मग मुख्य धून येते, पण ती पियानोकडे नसतेच! व्हायोलिनं आणि क्लॅरिनेट ती उचलतात आणि पियानो खालून नुसता धावत राहतो. सगळ्यात जास्त सूर त्याच्या हातात, पण गाणं दुसऱ्यांच्या तोंडी. लॉराचं तरी दुसरं काय चाललंय? स्टेशनातल्या उपाहारगृहात निरोपाच्या घटकेला ओळखीची बडबडी बाई येऊन बसते, आणि तिच्या गप्पांना हं हं म्हणण्यापलीकडे लॉराला काही करता येत नाही.

ही रचना १९००-०१ची. १८९७ साली पहिली सिम्फनी सपशेल पडल्यावर रख्मानिनॉव्हला काही सुचेनासंच झालं होतं. डॉ. निकोलाय दाल यांच्या संमोहन उपचारांनंतर तो पुन्हा लिहिता झाला, आणि हा कन्चेर्तो त्यानं त्यांनाच अर्पण केला. कोंडलेलं बोलतं होण्यातून जन्मलेलं हे संगीत आहे. लॉरासाठी याहून योग्य काय मिळालं असतं, मला तरी सुचत नाही.

पुन्हा बघाल तेव्हा रेडिओ लावून ती खुर्चीत बसते तिथपासून हेडफोन लावून बघा, आणि पडद्यावर अ‍ॅलेक असला तरी ऐकतंय कोण हे लक्षात ठेवा.