चिंचवड : कारखान्यांच्या आधीचे गाव

प्रश्न : नोकरीनिमित्त नुकतेच चिंचवडला राहायला आलो. हे उपनगर कारखान्यांमुळे वसले, असे सहकारी सांगतात; मग नदीकाठी एवढे जुने देवस्थान कसे? आणि पावसाळ्यात ते पाण्याखाली का जाते?

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे स्टेशनच्या परिसरापुरते खरे आहे. पुणे-खंडाळा लोहमार्ग 1858 मध्ये सुरू झाला आणि पुढे कारखानेही लोहमार्ग व मुंबई-पुणे रस्त्याच्या आधारानेच वाढले. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, तर 1960 नंतर औद्योगिक वसाहत. जुने चिंचवडगाव मात्र या पट्ट्यापासून बाजूला, पवनेच्या काठी आहे, आणि त्याचे मूळ संत मोरया गोसावी यांच्या गाणपत्य, म्हणजे गणपतीला सर्वश्रेष्ठ दैवत मानणाऱ्या, परंपरेत आहे. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्यांनी येथे संजीवन समाधी घेतली, ही श्रद्धा आणि तिच्याभोवती उभे राहिलेले संस्थान यांनीच गावाला आकार दिला, यात शंका नाही. मंगलमूर्ती वाड्यातून भाद्रपद व माघ महिन्यांत मोरगावला पालखी जाते, आणि मार्गशीर्षात समाधी सोहळा होतो. गावाचे वर्ष आजही असे पंचांगाने चालते, कारखान्याच्या भोंग्याने नव्हे.

याच गावातले चापेकर बंधू. 22 जून 1897 रोजी प्लेग अधिकारी रँडवर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुढच्या दोन वर्षांत तिघेही भाऊ फासावर गेले. त्यांचा वाडा आज स्मारक आहे. चापेकर चौकातून रोज जाणाऱ्यांनी एकदा तरी तिकडे वळावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

आता पाण्याविषयी. समाधी मंदिर थेट घाटावर आहे, त्यामुळे मुसळधार पावसात पवना धरणातून विसर्ग वाढला की नदी आवारात शिरते. उन्हाळ्यातली अवस्था नेमकी उलटी. धरणातून सोडलेले पाणी चिंचवडच्या वरच्या अंगाला, रावेत बंधाऱ्यावर, महापालिका शहरासाठी उचलते. खाली उरतो तो क्षीण प्रवाह, त्यात मिसळणारे सांडपाणी आणि त्यावर माजणारी जलपर्णी. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी यांची 1970 मध्ये नगरपालिका आणि 1982 मध्ये महापालिका झाली. रस्ते रुंद झाले, उद्याने झाली, पण ज्या नदीकाठी गाव वसले तिच्याकडे या शहराने बराच काळ पाठच फिरवली, असे आमचे मत आहे. पूर ओसरल्यावर गाळ काढून पूजाअर्चा पुन्हा सुरू करणे हे तर आता देवस्थानाच्या नित्याच्याच कामांपैकी एक झाले आहे.