वजन कमी करायला किती पैसे मोजायचे?

प्रश्न सांगलीच्या एका वाचकाचा. वय 51, सरकारी नोकरी. 2016 मध्ये 2 लाख 60 हजारांना घेतलेला निकॉन डी750 कॅमेरा, सोबत 24-120 आणि 70-200 एफ/4 लेन्स. वजनामुळे गेली दोन वर्षं सगळं कपाटातच आहे. सप्टेंबरात लडाखला जायचंय. सोनी ए6400, सिग्माची 18-50 आणि सोनीची 55-210 असा हलका संच दुकानदार 1 लाख 48 हजारांना देतो आणि जुनं सामान 62 हजारांत घेतो. वरचे 86 हजार एफडी मोडून द्यावेत की वर्षभराच्या नो-कॉस्ट हप्त्यांवर?

दोन्ही नको. कॅमेरा बदलायला माझी ना नाही, पण आधी विका आणि मग घ्या.

एफडी तीन लाखांची. त्यातले 1 लाख 20 हजार जुलैत मुलीच्या फीला जाणारच आहेत. उरतात 1 लाख 80 हजार, म्हणजे तुमच्या 45 हजारांच्या घरखर्चाचे चार महिने. त्यातूनही 86 हजार काढलेत तर हाताशी जेमतेम दोन महिने राहतात, शिवाय मुदतीआधी मोडल्याचा दंड वेगळा. हप्त्यांचं म्हणाल, तर रोख दिले की दुकानदार पाच हजार कमी करतो असं तुम्हीच लिहिलंय. तेच व्याज. वर प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटी. शून्य टक्के व्याज असं काही नसतं हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावलं होतं. एसआयपी जाऊन तुमचे महिन्याला दहा हजार उरतात; त्यातले सात हजारांवर वर्षभर याच हप्त्यात अडकतील.

आता वजनाकडे वळू, कारण तुम्ही पैसे मोजताय ते त्याच्यासाठी. आजचा संच 2 किलो 400 ग्रॅम: बॉडी 840, लेन्स 710 आणि 850. सोनीचा तिन्ही मिळून 1 किलो 40 ग्रॅमच्या आत. विमानात हातातल्या सामानाला सात किलोची मर्यादा असताना आणि सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागत असताना हा फरक मोठा आहे. चढणीवर तर तो खांद्यालाच कळतो. पण हाच आकडा आणखी एका प्रकारे गाठता येतो. डी750 वर निकॉनची 50 मिमी एफ/1.8 लावा. लेन्स 185 ग्रॅमची, एकूण 1 किलो 25 ग्रॅम. तुमच्या फोटोग्राफी क्लबातल्या कुणाकडून तरी मागून घ्या आणि एप्रिल-मे मध्ये एकदोन किल्ले त्यावर करा. तरीही कॅमेरा घरीच राहिला तर अडचण वजनाची नव्हती, आणि दीड लाखाचा नवा संचही त्याच कपाटात जाईल. (असे संच सेकंडहँड बाजारात नव्यासारखे मिळतात. घेणाऱ्याची चंगळ!)

कॅमेरा बाहेर पडला, तर विकायला काढा आणि पावसाच्या आत विका. आपल्याकडच्या दमट हवेत कपाटातल्या लेन्सला बुरशी धरते. बुरशीचा एक ठिपका दिसला की गिऱ्हाईक भाव पाडतं. क्लबातले एक गृहस्थ तुम्हाला 74 हजार देताहेत, दुकानापेक्षा 12 हजार जास्त, त्यांनाच द्या. शटर किती वेळा उडालंय ते मात्र आधीच सांगून टाका. या मॉडेलचं शटर दीड लाख क्लिकसाठी तपासलेलं आहे, त्यामुळे ते विचारतीलच. स्वतःच्या वापरातल्या कॅमेऱ्याच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. 2 लाख 60 हजारांचं दुःख इथेच सोडा. ते पैसे 2016 मध्येच खर्च झाले. आज तुमच्याकडे आहेत ते 74 हजार.

बॉडी आणि 18-50 एवढंच घेतलंत तर दुकानाच्या दरपत्रकाप्रमाणे 1 लाख 22 हजार, वजन 700 ग्रॅमच्या आत. तफावत 48 हजारांची. एप्रिल ते ऑगस्ट दहा-दहा हजार बाजूला ठेवलेत की ती भरते, रोखीची सवलत मिळते आणि एफडीला हात लागत नाही. जुन्या लेन्स अडॅप्टरने (मधल्या जोडकड्याने) नव्या बॉडीवर चालवू म्हणाल, तर नका. 400 ग्रॅमच्या बॉडीपुढे 850 ग्रॅमची लेन्स म्हणजे पुन्हा तेच ओझं.

एक गोष्ट गमवाल. नव्या कॅमेऱ्यातल्या सेन्सरचं, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपचं, क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या, म्हणजे तुमच्या डी750 च्या सेन्सरच्या, निम्म्याहूनही कमी आहे. लडाखच्या उन्हात किंवा भिंतीवरच्या ए3 प्रिंटमध्ये ते जाणवणार नाही. भाचीच्या लग्नात मंगल कार्यालयाच्या अंधुक उजेडात मात्र जाणवेल.

55-210 लांबणीवर टाकलीय, ती घ्यायची की नाही हे तुमचे जुने फोटोच सांगतील. हार्ड डिस्कवरच्या फाइलींत प्रत्येक फोटोची फोकल लेंग्थ (लेन्सच्या नावातले मिलिमीटर; आकडा मोठा तितकं दूरचं जवळ) नोंदलेली असते. नव्या बॉडीवर 18-50 ची पोच जुन्या कॅमेऱ्यावरच्या 75 एवढी; त्या 75 च्या पुढचे फोटो शंभरात पाच-दहाच निघाले, तर तिच्या पैशांतून परतीचं तिकीट काढा.