मध्यम किमतीचा ४३ इंची फोर-के टीव्ही घेतला, पण चित्र पुसट दिसतं आणि मेनू अडकतो. काय करावं?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात असाच टीव्ही तीन वर्षांपासून आहे. पुसट चित्रात बहुतेक वेळा टीव्हीचा दोष नसतो. डिशवरचा साधा एसडी चॅनेल ७२० × ५७६ ठिपक्यांचा असतो आणि टीव्ही तो ३८४० × २१६० वर ताणतो. मग बातम्यांची पट्टी फुगलेली, अक्षरांच्या कडा दातेरी दिसणारच. एचडी बॉक्स घ्या, एचडीएमआय वायरने जोडा आणि चॅनेलही एचडीच लावा.

पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’ असेल तर ‘सिनेमा’ करा. आमच्याकडे आधी सगळ्यांचे चेहरे शेंदूर फासल्यासारखे दिसायचे. आईलाच ते पहिल्यांदा खटकलं.

खरा जीव खातं ते सॉफ्टवेअर. अशा टीव्हीतलं आठ जीबी स्टोरेज म्हणजे काहीच नाही, त्यातली बरीचशी जागा सिस्टीमच घेते. आमचा मेनू उघडायला पाच-सहा सेकंद लागत होते. न लागणारी ॲप्स काढली, कॅशे (ॲप्सनी साठवलेला तात्पुरता डेटा) साफ केली, तेव्हा कुठे रिमोट वेळेवर ऐकू लागला.

अपडेट मात्र लाईनचा भरवसा असेल तेव्हाच करा, नाहीतर इन्व्हर्टरवर. मध्येच लाईन गेली तर टीव्ही कंपनीच्या लोगोवरच अडकून बसू शकतो, आणि मेकॅनिक तालुक्याहून कधी येईल याचा नेम नसतो.