कुत्र्याचं क्रिएटिनिन वाढलंय? आधी हे वाचा

ताई, तुमच्या कुत्र्याच्या एका रिपोर्टवर रडत बसू नका. क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) 2.1 म्हणजे किडनीच्या आजाराच्या चारपैकी साधारण दुसरी स्टेज, आणि ती पण अंगात पाणी नीट असताना परत टेस्ट करूनच धरायची, उलट्या चालू असताना घेतलेलं रक्त फसवतं. पण हलक्यातही घेऊ नका, कारण किडनीचं जवळपास 75 टक्के काम गेल्यावरच हा आकडा वर जातो. म्हणून डॉक्टरांना एसडीएमए (किडनीचीच आणखी एक रक्ताची टेस्ट), लघवीतलं प्रोटीन आणि बीपी बघायला सांगा, गोचीड ताप न् लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) टेस्ट पण, लेप्टो वेळेत सापडला तर किडनी बरीच सावरू शकते.

सारखं पितो, घरात शू करतो म्हणून पाण्याचं भांडं उचलायचं नाही, अजिबात नाही! किडनीला लघवी घट्ट करता येत नाही म्हणूनच पितोय तो. खाण्यात मेन शत्रू फॉस्फरस, त्यामुळे हाडं आणि कलेजी बंद, किडनी डाएट हळूहळू मिसळत न्या, तोंडच लावत नसेल तर उपाशी ठेवण्यापेक्षा जे खाईल ते बरं. आणि लंगडतोय म्हणून घरातली आयब्युप्रोफेनची (माणसांची दुखण्यावरची) गोळी त्याला कुणालाही देऊ देऊ नका, आजीला पण सांगून ठेवा, द्राक्षं-मनुके पण नकोत.